चालकाची पारख आणि यंत्राचे गुण

मालवाहतुकीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणाचा एखादा छोटा टेंपो आहे, कोणाचे दोन-चार ट्रक आहेत, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे, तर कोणाचे गॅरेज आहे. ज्या व्यापाऱ्याची स्वतःची गाडी नाही, त्याच्याही मालाच्या किमतीत गाडीभाडे असतेच. म्हणून गाडी कशी चालवली जाते, या प्रश्नाचा संबंध या पानाच्या बहुतेक वाचकांशी येतो.

चालकाची पारख करण्याच्या जुन्या रीती सर्वांना ठाऊक आहेत. लिटरला किती किलोमीटर ॲव्हरेज पडले, टायर किती लवकर घासले, लायनर आणि क्लच प्लेट किती दिवस टिकली, यावरून मालक अंदाज बांधत असे. जुना उस्ताद तर गाडीत शेजारी बसून पाच मैलांत माणूस ओळखत असे. आता त्या जोडीला एक छोटे यंत्र आले आहे. ते गाडीत बसवले की महिनाअखेर प्रत्येक चालकाच्या नावापुढे शंभरपैकी गुण मिळतात. काही मालक या गुणांवर बक्षीस देतात, काही भत्ता कापतात आणि काही तर चालकाला कामावरून कमी करतात.

एखाद्याच्या रोजीचा निर्णय ज्या आकड्यावर होतो, तो आकडा कसा तयार होतो हे मालकाला आणि चालकालाही माहीत असले पाहिजे. म्हणून हे गुण कसे काढले जातात, त्यांचा उपयोग कोठे होतो आणि ते कोठे फसवतात, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

यंत्र नेमके काय मोजते?

या यंत्राला चालक दिसत नाही. त्याला फक्त गाडीची हालचाल कळते. ती तीन मार्गांनी कळते.

पहिला मार्ग उपग्रहाचा, म्हणजे जीपीएसचा. गाडी कोठे आहे आणि तिचा वेग किती आहे, हे त्यावरून साधारणपणे दर सेकंदाला नोंदले जाते. दुसरा मार्ग धक्के मोजणाऱ्या सेन्सरचा. गाडीने वेग किती झपाट्याने घेतला, किती जोरात ब्रेक लागला, वळणावर गाडी किती रेटली गेली, हे तो एका सेकंदात अनेक वेळा मोजतो. प्रत्येक स्मार्टफोनमध्येही असा सेन्सर असतो, म्हणून काही कंपन्या वेगळे यंत्र न देता चालकाच्या फोनवरूनच गुण काढतात. तिसरा मार्ग इंजिनाचा. नव्या गाड्यांत गॅरेजवाले ज्या जागी तपासणीचे मशीन जोडतात, तेथून इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबला आणि गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू होते, ही माहिती मिळू शकते.

प्रवासी वाहतुकीत तर यातील काही भाग कायद्यानेच आला आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या टॅक्सी, बस यांसारख्या सार्वजनिक सेवा वाहनांना गाडीचा ठावठिकाणा सांगणारे उपकरण आणि संकटकाळचे बटण सक्तीचे करण्यात आले. रिक्षांना त्यातून वगळण्यात आले होते.

आकड्यांतून घटना

नुसत्या वेगाच्या नोंदी म्हणजे आकड्यांचा ढीग असतो. त्यातून यंत्र काही ‘घटना’ वेचून काढते. जोराचा ब्रेक, जोराची रेस, झटक्याचे वळण, मर्यादेपेक्षा जास्त वेग आणि उभ्या गाडीचे चालू इंजिन, या नेहमीच्या घटना होत.

जोराचा ब्रेक कोणता हे ठरवण्यासाठी एक सीमा आखलेली असते. समजा, ती सीमा एका सेकंदात ताशी ११ किलोमीटर वेग कमी होणे अशी आहे. ताशी ५० च्या वेगाने चाललेली गाडी अशा ब्रेकने सुमारे साडेचार सेकंदांत आणि ३२ मीटरांत थांबते. हाच ब्रेक निम्म्या जोराने लावला, तर थांबायला सुमारे नऊ सेकंद आणि ६३ मीटर लागतात. समोरचे पाहून वेळीच पाय उचलणारा चालक दुसऱ्या रीतीने थांबतो. गाडीला चिकटून चालणाऱ्याला पहिल्या रीतीने थांबावे लागते. या सीमेमागचा विचार एवढाच आहे.

मात्र ही सीमा निसर्गाने आखलेली नाही, ती यंत्र करणाऱ्याने आखलेली आहे. रिकाम्या मोटारीला जो ब्रेक साधा वाटतो, तोच भरलेल्या ट्रकमध्ये माल सरकवतो. म्हणून मोटारीची सीमा ट्रकला लावली, तर ट्रकचालकाच्या चुका झाकल्या जातात. ट्रकची सीमा टेंपोला लावली, तर चांगला टेंपोचालकही दोषी दिसतो.

शिवाय यंत्र सैल बसवले असेल किंवा फोन डॅशबोर्डवर नुसता ठेवला असेल, तर खड्डा, गतिरोधक किंवा फोन खाली पडणे हीसुद्धा ‘घटना’ म्हणून नोंदली जाऊ शकते.

घटनांतून प्रतवारी

पुढची पायरी म्हणजे चालकांची प्रतवारी. ही दोन रीतींनी करतात. आपल्या धंद्यातील उदाहरणाने ती लवकर समजेल.

मिरचीच्या व्यापाऱ्याकडे नवा पोरगा कामाला लागला, की मालक त्याला नमुने दाखवतो. ही पहिल्या नंबरची, ही दुसऱ्या नंबरची, ही डागी. पुरेसे नमुने पाहिल्यावर पोरगा स्वतः निवड करू लागतो. यंत्रालाही असेच शिकवता येते. हा प्रवास शांत चालकाचा, हा आक्रमक चालकाचा, असे आधी सांगितलेले प्रवास त्याला पुरवले की नवा प्रवास कोणत्या गटात बसतो हे ते सांगते.

दुसऱ्या रीतीत नमुना कोणी दाखवत नाही. रंग, लांबी आणि सुरकुत्या पाहून सारख्याला सारखे लावत ढीग करायचे आणि मग त्या ढिगांना नावे द्यायची. यंत्रही वेग, ब्रेक आणि वळणे पाहून सारख्या चालकांचे ढीग करते. पण ढिगाला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ हे नाव माणूसच देतो. डोंगरी रस्त्यावर चालणाऱ्यांचा एक ढीग झाला आणि त्याला कोणी ‘आक्रमक’ असे नाव दिले, तर त्यात चालकांचा दोष नाही.

या विषयावर परदेशांत बराच अभ्यास झाला आहे. इस्राएलच्या संशोधकांनी २००४ साली ४४ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. चालकांनी दिलेल्या उत्तरांवरून त्यांनी गाडी चालवण्याचे चार मोठे प्रकार मांडले: बेपर्वा, घाबरट, रागीट आणि संयमी. यातील घाबरट हा प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. घाबरलेला चालकही वारंवार ब्रेक मारतो आणि यंत्राला तो रागीट चालकासारखा दिसू शकतो. एकाला धीर आणि सराव हवा असतो, दुसऱ्याला समज हवी असते. दोघांना एकच शिक्षा केली, तर दोघेही सुधारणार नाहीत.

स्पेनमधील आल्काला विद्यापीठाने २०१६ साली प्रवासाच्या नोंदींचा एक संच सर्वांसाठी खुला केला. सहा चालकांना मोठ्या महामार्गावर आणि दुय्यम रस्त्यावर गाडी चालवायला सांगून फोनच्या सेन्सरने व कॅमेऱ्याने ५०० मिनिटांहून अधिक नोंद घेण्यात आली. साधी, आक्रमक आणि झोपाळू अशा तीन तऱ्हांनी गाडी चालवून दाखवण्यास त्यांना सांगितले होते. अनेक संशोधकांनी आपली प्रतवारी या संचावर तपासून पाहिली. उपयोग मोठा, पण एक मर्यादा उघड आहे. झोप आल्याचे सोंग करणारा आणि रात्रभर जागून खरोखर पेंगणारा, हे दोघे एक नव्हेत. शिवाय सहा चालकांवरून हजारो चालकांचा नियम काढता येत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या संस्थेने १०० मोटारींत कॅमेरे आणि सेन्सर बसवून सुमारे वर्षभर नोंद घेतली. २००६ साली त्याचा अहवाल आला. सुमारे ३२ लाख किलोमीटरांच्या या प्रवासात नोंदल्या गेलेल्या अपघातांपैकी जवळजवळ ८० टक्के अपघातांत, धोका उद्भवण्याच्या अगदी आधी चालकाचे लक्ष कोणत्या ना कोणत्या कारणाने रस्त्यावरून ढळलेले होते. ही गोष्ट कॅमेऱ्यामुळे कळली. नुसते धक्के मोजणाऱ्या यंत्राला लक्ष दिसत नाही. सरळ रस्त्यावर फोन पाहत गाडी हाकणाऱ्याला एकही जोराचा ब्रेक न लागता पूर्ण गुण मिळू शकतात. समोर अचानक आलेल्या मुलाला वाचवण्यासाठी ब्रेक मारणाऱ्याचा मात्र एक गुण कमी होतो.

डिझेलचा हिशेब

मालकाला या आकड्यांचा सर्वात पहिला लाभ डिझेलमध्ये दिसतो. त्याचे कारण साध्या हिशेबात आहे.

मालासह १० टन वजनाची गाडी ताशी ६० च्या वेगाने चालली असेल, तर तिच्या वेगात सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख ज्यूल असतात; पण इंजिन त्यातील साधारण एक तृतीयांशच चाकापर्यंत पोहोचवते, असे धरू. म्हणजे उभ्या गाडीला पुन्हा ६० च्या वेगावर आणायला १०० ते १२० मिलिलिटर डिझेल लागते. जोराचा ब्रेक मारला की हे सारे डिझेल लायनर तापवण्यात जाते. एका खेपेत असे वीस ब्रेक टाळता आले, तर दोन लिटरांहून अधिक डिझेल वाचते, शिवाय लायनर आणि टायर वाचतात ते वेगळेच.

वेग वाढला की हा हिशेब झपाट्याने वाढतो. वेग ४० वरून ६० झाला म्हणजे दीडपट झाला, पण साठलेली ऊर्जा सव्वादोन पट होते. म्हणूनच ब्रेकचे नुसते आकडे मोजू नयेत, कोणत्या वेगावर ब्रेक लागला हेही पाहावे.

दोन चालकांचे उदाहरण

आता मुख्य मुद्दा. गुण कसे फसवतात हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, मालेगावच्या एका मालकाकडे सारख्याच दोन गाड्या आहेत. पहिला चालक कापडाचे तागे घेऊन भिवंडीला जातो. दुसरा भिवंडीतच राहून गोदामांना आणि दुकानांना माल पोहोचवतो.

काही दिवसांत पहिला चालक १,००० किलोमीटर चालला आणि त्याचे जोराचे ब्रेक १२ झाले. म्हणजे १०० किलोमीटरला १.२. दुसरा ४०० किलोमीटर चालला आणि त्याचे ब्रेक १८ झाले. म्हणजे १०० किलोमीटरला ४.५. यंत्राच्या हिशेबाने दुसरा चालक पावणेचार पट वाईट ठरला. मालकाने त्याचा भत्ता कापला.

आता हाच हिशेब रस्त्याप्रमाणे वेगळा करू. पहिला चालक महामार्गावर ९०० किलोमीटर चालला, तेथे ६ ब्रेक. शहरात १०० किलोमीटर चालला, तेथेही ६ ब्रेक. दुसरा महामार्गावर फक्त ४० किलोमीटर चालला, तेथे एकही नाही. शहरात ३६० किलोमीटर चालला, तेथे १८ ब्रेक. म्हणजे शहरात पहिल्याचे प्रमाण १०० किलोमीटरला ६ आणि दुसऱ्याचे ५. ज्याला दंड झाला, तोच शहरात थोडा बरा निघाला. महामार्गावर त्याचे ४० किलोमीटर इतके थोडे आहेत की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. पहिल्याचेही शहरातले १०० किलोमीटर थोडेच आहेत, म्हणून ५ आणि ६ यांतला फरकही फार मोठा मानू नये. वाईट होता तो दुसऱ्याच्या वाट्याला आलेला रस्ता.

तराजूच्या एका पारड्यात ओला माल आणि दुसऱ्यात सुका माल घालून भाव ठरवणारा व्यापारी आपण शहाणा मानणार नाही. येथेही तसेच आहे.

मालकांनी काय करावे?

१) पहिला महिना फक्त नोंद घ्या. बक्षीसही नको आणि दंडही नको. एवढ्या काळात आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या मालासह सर्वसाधारण आकडा किती येतो ते कळते.

२) सारख्याची तुलना सारख्याशी करा. महामार्ग आणि शहर, घाट आणि सपाट रस्ता, भरलेली आणि रिकामी गाडी, दिवस आणि रात्र, यांचे आकडे वेगळे काढा. आकडा नेहमी दर १०० किलोमीटरला पाहा.

३) चालकाची तुलना प्रथम त्याच्याच मागील महिन्याशी करा. एखाद्याचा आकडा अचानक बिघडला, तर थकवा, आजार किंवा घरची अडचण आहे का ते विचारा.

४) संशय आला तर गाड्यांची अदलाबदल करा. आकडा चालकाबरोबर गेला नाही आणि गाडीबरोबरच राहिला, तर ब्रेक, टायर आणि यंत्राची बसवणूक तपासा.

५) घटनेची जागा पाहा. एकाच वळणावर सर्व चालकांचे ब्रेक लागत असतील, तर दोष त्या जागेचा आहे. तेथे सावकाश जाण्याची सूचना सर्वांना द्या.

६) निर्णयापूर्वी चालकाचे म्हणणे ऐका. तारीख, वेळ आणि जागा सांगितली, की बहुतेक चालकांना काय घडले ते आठवते.

७) फक्त ब्रेकच्या संख्येवर बक्षीस ठेवू नका. गुण जातील या भीतीने चालकाने ब्रेक लावायला कचरणे, हा सर्वात मोठा धोका आहे. डिझेल, मालाची नासधूस, गाडीची दुरुस्ती आणि अपघात हे सारे मिळून विचार करा.

८) आपले वेळापत्रक तपासा. पहाटे पाचपूर्वी माल पोहोचलाच पाहिजे, अशी ताकीद देऊन चालकाच्या वेगाला दोष देता येत नाही. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. युरोपात जड वाहनांच्या चालकाला साडेचार तास चालवल्यानंतर ४५ मिनिटे थांबावे लागते आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. तेथे हे यंत्र चालकाच्या विश्रांतीचीही साक्ष देते, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी.

९) यंत्र लपवून बसवू नका. काय नोंदले जाते आणि कोण पाहणार, हे चालकाला आधीच सांगा. कामाच्या वेळेबाहेर त्याच्या फोनवरून त्याचा ठावठिकाणा पाहू नका. माणसाची खाजगी माहिती जपण्यासाठी संसदेने २०२३ साली कायदा मंजूर केला आहे.

यंत्र विकत घेतानाही विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. जोराच्या ब्रेकची सीमा किती आणि ती कोणत्या वजनाच्या गाडीसाठी आहे? नुसते गुण मिळतात की प्रत्येक घटनेची वेळ आणि जागाही मिळते? आमची माहिती आणखी कोणाला दिली जाते का? यांची सरळ उत्तरे न देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये.

चालक बांधवांसाठी

चालकांनी या यंत्राला घाबरण्याचे कारण नाही. पण आपली नोंद आपणही मागून पाहावी. चुकीची घटना दिसली तर त्याच दिवशी सांगावे. महिनाअखेर वाद घालून उपयोग होत नाही.

गुण आणि डिझेल दोन्ही राखण्याचे उपाय जुनेच आहेत. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे. सिग्नल किंवा गर्दी दिसताच पाय उचलावा आणि गाडीला स्वतःच्या जोरावर पुढे जाऊ द्यावे. माल उतरेपर्यंत इंजिन बंद करावे. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये मात्र कधीही सोडू नये. तसे केल्याने सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून ब्रेकची पकड कमी होते आणि उतारावर गाडी आवरत नाही. शिवाय नव्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होते, त्यामुळे न्यूट्रलची बचत बरीचशी मनाचीच असते.

या कामाची सुरुवात यंत्रावाचूनही करता येते. प्रत्येक गाडीत एक वही ठेवावी. खेपेची तारीख, मार्ग, मालाचे वजन, किलोमीटर, भरलेले डिझेल, निघण्याची व पोहोचण्याची वेळ आणि वाटेतील अडचण, एवढे रकाने पुरेत. दर महिन्याला मालक आणि चालक यांनी ती शेजारी बसून वाचावी. तीन महिन्यांची अशी वही भरल्यावर यंत्र घेतले, तर त्याच्या गुणांतला खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, हे दोघांनाही चटकन कळेल.